रिकामा पर्याय

“…तर तुम्ही सर्वप्रथम काय कराल? अ, ब, क की ड?”

प्रणिता उबाळेने प्रश्न वाचून संपवला आणि मोठ्या आशेने मान वर केली.

ओसरीच्या कडेला एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती, तिच्याकडे रणनवरेबाईंनी नुसती हनुवटी वळवली.

“मला नको विचारू. धोंडाक्काला विचार.”

“त्यांना?”

“हो. सावकाश वाच. तिला एका कानाने कमी ऐकू येतं.”

प्रणिताला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण बाईंनी आयुष्यात कुणाची थट्टा केल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने कागद पुन्हा उचलला.

“आक्का, एका पेशंटला रक्त चढवताना अचानक थंडी वाजून ताप आला. तर सर्वप्रथम काय कराल? अ, पंखा बंद कराल. ब, गरम चहा द्याल. क, दुर्लक्ष कराल. ड, रक्त ताबडतोब थांबवाल, नाडी, ताप आणि रक्तदाब तपासाल, पिशवीवरचं नाव आणि गट पुन्हा पडताळून पाहाल आणि डॉक्टरांना कळवाल.”

“ड,” धोंडाक्का म्हणाली. तिने वरही पाहिलं नाही.

प्रणिता चपापली.

“पुढचा,” बाई म्हणाल्या.

पुढचा वाचला. “ब.” बरोबर. त्याच्या पुढचा. “परत ड.” बरोबर. असे दहा प्रश्न झाले. धोंडाक्काचे आठ बरोबर आले. चुकलेल्या दोनांपैकी एक तर प्रणिताने घाईघाईत पर्याय अर्धाच वाचला म्हणून चुकला होता.

“आक्का, तुम्ही दवाखान्यात काम केलंय का कधी?”

“म्या? म्या दवाखान्यात निस्ती पडून काढली बघ, आठ वर्सं.”

“मग उत्तरं कशी आली तुम्हाला?”

धोंडाक्काने चिंचोका बाजूला टाकला. कुष्ठरोगाने तिच्या बोटांची पेरं कधीच नेली होती. दोन्ही तळव्यांत दगड धरून ती चिंच फोडायची, आणि तिचा नेम चुकत नसे.

“त्यात काय हाय? जे लांबलचक, ते खरं. तुजी खोटी उत्तरं बघ की, आखूड आखूड. खोटं लिवताना तुला कंटाळा येतोय, पोरी. खऱ्याला मातर लई जपतीस.” मग ती बाईंकडे वळली. “बाई, धातली आठ आली न्हवं माजी? नर्सची टोपी कवा देताय डोक्याला?”

“दहा आली की देईन,” बाई म्हणाल्या.

प्रणिताचे कान लाल झाले.

रणनवरेबाईंचं पूर्ण नाव सगुणा रणनवरे. सव्वीस वर्षं त्यांनी नर्सिंग कॉलेजात शिकवलं आणि सव्वीस वर्षं अंतिम वर्षाचा पेपर काढला. त्यांच्या हाताखालून गेलेली नर्स कुठल्याही दवाखान्यात डोळे झाकून घेत. निवृत्त झाल्यावर त्या गावी गेल्या नाहीत, भावाकडेही गेल्या नाहीत. माळावर कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांची एक जुनी वसाहत होती, तिथे दोन खोल्या घेऊन राहिल्या. सकाळी जखमांची ड्रेसिंगं करायची, दुपारी ओसरीवर बसायचं. कुणी काही विचारायला आलं तर ऐकायचं. बोलायचं कमी.

प्रणिता त्यांची विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात शिकवत होती. या वर्षी अंतिम पेपर तिच्याकडे आला होता. प्राचार्यांनी एकच अट घातली होती, “रणनवरेबाईंच्या नजरेखालून घालून आण. त्या हो म्हणाल्या तर उद्या छापायला देऊ. नाही म्हणाल्या तर मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेते.”

दोन महिने खपून तिने पन्नास बहुपर्यायी प्रश्न लिहिले होते. सुंदर अक्षरात, समास आखून.

खरं सांगायचं तर ती पेपरासाठी आली नव्हती. तिला एक शब्द हवा होता. ‘चांगलं.’

विद्यार्थिनी असताना तीन वर्षं आणि त्यानंतर अकरा वर्षं, तिने त्या शब्दाची वाट पाहिली होती. बाकीच्या मुलींना बाई कधीतरी ‘बरं केलंस’ म्हणायच्या. एकदा एका मुलीच्या नुसत्या चादर घालण्याला त्या ‘छान’ म्हणाल्या होत्या, आणि ती चादर प्रणिताच्या अजून लक्षात होती. तिला मात्र कधी काही नाही. शेवटच्या वर्षी ती पहिली आली, बाईंनी तिच्या गणवेशावर पदक लावलं, पिन नीट बसली की नाही ते पाहिलं, आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

का, ते आपल्याला माहीत आहे असं तिला वाटायचं. पण ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“बाई, हे पहिले दहा सोपे आहेत,” ती म्हणाली. “पुढचे बघा ना. हा सत्ताविसावा. मागच्या वर्षी चाचणीत घातला होता. एक्केचाळीस जणींपैकी फक्त एकीला आला.”

तिच्या आवाजात अभिमान होता. तो तिने लपवला नाही.

बाईंनी प्रश्न वाचला. एका दुर्मिळ आजाराचं नाव विचारलं होतं. पाठ्यपुस्तकात ते तळटिपेत होतं, बारीक अक्षरात.

“हा आजार तू पाहिलायस?”

“नाही.”

“मी पण नाही.” बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “चाळीस जणी चुकल्या म्हणतेस. कुठे चुकल्या?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या डोक्यात काय आलं, म्हणून त्या चुकल्या?”

“…त्यांना माहीत नव्हतं.”

“ते मलाही माहीत नव्हतं. मग तुला काय कळलं?”

“एकोणतिसावा वाच.”

“पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही असे म्हणता येणार नाही…”

वाचता वाचता तिचीच जीभ अडखळली. चिंचा फोडायचा आवाज थांबला.

“ह्ये काय गं?” धोंडाक्का म्हणाली. “नवराबायकोचं भांडान हाय का?”

“यात पेशंट कुठाय, उबाळे?” बाईंनी विचारलं.

नर्सिंग कॉलेजात आडनावानेच हाक मारायची पद्धत. अकरा वर्षांनी ती हाक ऐकून प्रणिताची पाठ आपोआप ताठ झाली.

“पेशंट नाही, बाई. पण विचार करायला लावणारा प्रश्न आहे.”

“वाक्याचा विचार करायला लावतेस. माणसाचा नाही.”

मग बाई थोडं पुढे सरकल्या. त्यांनी कागद स्वतःच्या मांडीवर घेतला, एक प्रश्न निवडला आणि त्याच्या चारही पर्यायांवर आपला पंजा ठेवला. पंजा मोठा होता, सुरकुतलेला, स्पिरिटने कोरडा पडलेला.

“आता उत्तर सांग.”

प्रश्न असा होता : रक्तदाबाबाबत योग्य विधान ओळखा.

“कसं सांगू? तुम्ही पर्याय झाकलेत.”

“प्रश्न तर उघडा आहे.”

“पण पर्याय दिसल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, बाई!”

“वॉर्डात तुला पर्याय कोण लिहून देतं?”

…

प्रणिताने त्या पंजाकडे पाहिलं. मग एकेक करून स्वतःचे प्रश्न आठवले. पंजा ठेवला तर त्यातले किती तगले असते? आठ? दहा? दोन महिन्यांची मेहनत, समास आखलेले ते कागद, सगळं एकदम पोरकट वाटायला लागलं. डोळ्यांत पाणी येईल की काय अशी तिला भीती वाटली, म्हणून ती चिडली.

“मग तुम्ही कसे काढायचात ते तरी सांगा. वर्गात कधी सांगितलं नाहीत.”

बाई उठल्या. आत गेल्या. लोखंडी ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हातात एक जाड वही होती, खाकी कव्हराची, कडेला कापडी पट्टी शिवलेली.

“वाच.”

प्रणिताने वही उघडली. एका पानावर एक प्रश्न. प्रत्येक प्रश्नात एक माणूस होता. चौतीस वर्षांची बाई, बाळंत होऊन एक तास झालेला. सात वर्षांचा मुलगा, दोन दिवस जुलाब. प्रश्न दोन-तीन ओळींचा, पर्याय साधे, एकाच लांबीचे. बरोबर उत्तरावर खूण नव्हती. पण चुकीच्या प्रत्येक पर्यायासमोर पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलं होतं. ‘श्रावण, खाट ६.’ ‘बालकक्ष, पहिली पाळी.’ ‘खाट ११, दोनदा.’

“हे काय आहे, बाई?”

“तिथे घडलं ते.”

“म्हणजे ही चुकीची उत्तरं… कुणीतरी खरंच…”

“खोट्या चुका मला सुचत नाहीत.”

प्रणिता पानं उलटत राहिली. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘बाळ शांत झोपलंय असं समजून उठवणार नाही.’ हा पर्याय तिनेही निवडला असता. दुसऱ्या पानावरच्या एका पर्यायासमोर ‘मी स्वतः’ असं लिहिलं होतं, आणि तारीख बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची होती.

त्या वहीत एकही मूर्ख उत्तर नव्हतं. चुकीचं प्रत्येक उत्तर शहाण्या मुलीने दिलेलं होतं.

“मला द्याल ही वही?” तिने हळूच विचारलं.

“नाही.”

“नुसती उतरवून घेते.”

“त्या माझ्या वॉर्डातल्या चुका आहेत. तू तुझ्या लिही.” बाईंनी वही काढून घेतली आणि तिच्या हातात एक कोरा कागद दिला. “एक प्रश्न लिही. एकच. तो जमला तर बाकीचे तुला दुरुस्त करता येतील. मग मी प्राचार्यांना चिठ्ठी देते.”

“आणि नाही जमला तर?”

“चारची एसटी आहे.”

तेव्हा साडेअकरा वाजले होते.

प्रणिता पायरीवर बसली. माळ उन्हाने पांढरा झाला होता. लांबवर वसाहतीतली दोन माणसं हातगाडी ढकलत चालली होती. तिने पेन उघडलं.

पहिला प्रश्न तिने दम्यावर लिहिला. बरोबर उत्तर लगेच सुचलं. मग चुकीचं उत्तर शोधायला लागली आणि हात थांबला. तिने लिहिलं, ‘खिडक्या बंद कराल.’ खोडलं. ‘रुग्णाला आडवं झोपवाल.’ कुठल्या मुलीने झोपवलं होतं? कुणीच नाही. खोडलं.

दुसरा प्रश्न भाजलेल्या माणसावर. तिसरा झटके येणाऱ्या बाळावर. खरी उत्तरं तिला भराभर येत. चुकीची येत नसत. तिच्या पुस्तकांत चुका नव्हत्या. तिच्या वर्गातही नव्हत्या, कारण चुकीचं उत्तर आलं की ती ‘चूक’ म्हणून पुढच्या मुलीला उभी करायची. ते का चुकलं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी बाईंनी तिला भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. धोंडाक्का म्हणाली, “जेव गं. परीक्षेला उपाशी बसू नये.”

अडीच वाजले. कागदाच्या दोन्ही बाजू खोडाखोडीने भरल्या होत्या.

“बाई, मला चुकीचं लिहिताच येत नाही,” ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही पुन्हा उघडली. शेवटून दुसरं पान काढलं आणि तिच्यासमोर धरलं.

‘पोटाची शस्त्रक्रिया होऊन चार तास झाले आहेत. साठ वर्षांचे गृहस्थ. सारखं पाणी मागतात. सारखी कूस बदलतात. हात गार लागतो. तुम्ही सर्वप्रथम काय कराल?’

खाली पर्याय.

‘अ) वेदना असतील म्हणून लिहून दिलेलं इंजेक्शन द्याल.’

‘ब)’

‘क) नाडी आणि रक्तदाब मोजून लगेच डॉक्टरांना बोलवाल.’

‘ड) मुलाला आत बोलावून जवळ बसवाल.’

ब पुढे काही नव्हतं. नुसती रिकामी ओळ. कागद तिथे थोडा चुरगळला होता, जणू कुणीतरी अनेकदा पेन टेकवून उचललं होतं.

प्रणिताने पान खाली ठेवलं.

“हे पान किती जुनं आहे?”

“अकरा वर्षं.”

…

चिंच फुटल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या चिंचेचा.

“ते बँडात क्लॅरिओनेट वाजवायचे,” प्रणिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. “केशवतात्या. खाट चौदा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, तुझ्या लग्नात फुकट वाजवीन. त्या दिवशी दुपारी माझी ड्यूटी होती. ते पाणी मागत होते. सारखं. पोरी, घोटभर दे, पोरी, घोटभर दे. पाणी देता येत नव्हतं. मग मी कापूस पाण्यात बुडवला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यांचा हात गार होता, म्हणून दोन्ही हातांत धरून बसले. वीस मिनिटं. ते म्हणाले, देवानं धाडली तुला. मला… मला फार बरं वाटलं, बाई. मला वाटलं, हीच नर्स. आपण खरी नर्स झालो.”

ती थांबली.

“आतून रक्त जात होतं. मी हात धरला होता, पण नाडी धरली नव्हती. त्याच हातात होती ती. बोट दोन इंच वर सरकवायचं होतं फक्त.”

“मग?” धोंडाक्काने विचारलं.

“परत ऑपरेशनला नेलं. आले नाहीत.”

धोंडाक्काने दगड खाली ठेवला.

“पर चुकलीस कुठं म्हंते मी? माणूस पानी मागतंय, तू ओठ ओलं केलंस. म्याबी त्येच केलं असतं.”

“हेच,” बाई एकदम म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. “उबाळे, ती काय म्हणाली ते ऐकलंस? ऐकून वाटलं पाहिजे की हेच करायचं. असा पर्याय लिहायचा.”

प्रणिताला ते ऐकू आलं आणि आलंही नाही. ती वहीकडेच पाहत होती.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही मला कधीच…”

“काय?”

“काही नाही.”

“त्यांना शेवटची अंघोळ मी घातली,” बाई म्हणाल्या. “खालच्या ओठाला कापसाचा एक धागा चिकटला होता.”

…

“धाग्यावरून कळलं की कुणीतरी जवळ बसलं होतं. कोण, ते कळलं नाही. त्या पाळीला तुम्ही चौघी होतात.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?”

बाहेर माळावर वाऱ्याची एक वावटळ उठली आणि बसली.

“नाही म्हटलं असतं,” ती म्हणाली. “मी नव्हते, म्हटलं असतं.”

बाईंनी मान हलवली. ती नापसंतीची नव्हती.

म्हणजे बाईंना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ती ज्या गप्प राहण्याला शिक्षा समजत होती, ती शिक्षा नव्हतीच. बाई चौघींकडेही तशाच पाहत असतील. वाट पाहत असतील. आणि ती पदक लावून घेऊन निघून गेली होती.

“तुम्हीच का नाही लिहिलंत?” तिने विचारलं. “कापूस तर तुम्हाला दिसला होता. ‘ओठ ओले कराल.’ तीन शब्द.”

“कापूस दिसला. तुला बरं वाटलं, ते मला कुठे दिसलं?”

त्यावर प्रणिता रडली. हुंदके देऊन नाही, नुसतं डोळ्यांतून वाहत राहिलं आणि तिने ते पुसलं नाही. त्या वीस मिनिटांत परत जायचं तिने किती वेळा मनात योजलं होतं. बसमध्ये, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना, स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच कुणाचा तरी बँड वाजत असताना. दर वेळी ती त्या खाटेजवळ जायची, हात धरायची, आणि बोट दोन इंच वर सरकवायची. दर वेळी तात्या वाचायचे. मग कुणीतरी हाक मारायचं.

धोंडाक्का सरकत सरकत तिच्याजवळ आली. बोटं नसलेला आपला तळवा तिने प्रणिताच्या गुडघ्यावर ठेवला. चिंचेचा आंबट वास आला.

“लिव आता,” ती म्हणाली. “एसटी जाईल.”

बाईंनी वही तिच्या मांडीवर ठेवली. कोरा कागद नाही, वही.

“यातच?”

“जागा तिथेच आहे.”

प्रणिताने पेन उचललं. पहिल्यांदा लिहिलं, ‘ब) ओठ ओले कराल.’ वाचलं. नाही, एवढंच नव्हतं ते. एवढंच असतं तर कुणी फसलं नसतं. तिने ते हलकेच खोडलं आणि त्याच्या पुढे पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी हात थांबला नाही.

‘ब) ओला कापूस ओठांना लावून, गार हात हातात धरून जवळ बसाल.’

मग तिने क वर बोट ठेवलं. ती ओळ ब इतकीच लांब आहे का ते पाहिलं. थोडी कमी होती. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी पापण्या मिटून परवानगी दिली, तशी तिने त्यात ‘हात हातात घेऊन’ असं घातलं. आता ओळ झाली, ‘क) हात हातात घेऊन नाडी आणि रक्तदाब मोजून लगेच डॉक्टरांना बोलवाल.’

दोन्ही उत्तरांत आता हात धरलेला होता.

तिने पर्यायांवर आपला तळवा ठेवला आणि नुसता प्रश्न मोठ्याने वाचला. साठ वर्षांचे गृहस्थ. सारखं पाणी मागतात. हात गार लागतो. ओसरीवर कुणीच काही बोललं नाही. तरी उत्तर ऐकू येत होतं.

पेन्सिल शोधून तिने ब समोर बारीक लिहिलं, ‘खाट १४.’ जरा थांबली. मग ‘मी स्वतः’ हे शब्द लिहिले.

पन्नास प्रश्नांचा गठ्ठा पायरीवर तसाच पडला होता. त्यातले बहुतेक रात्रीतून नव्याने लिहावे लागणार होते, हे तिला आता कळत होतं, आणि त्याचं तिला ओझं वाटत नव्हतं. उद्या वर्गात गेल्यावर जी चुकेल तिला ती थांबवून विचारणार होती, ‘तुला असं का वाटलं गं?’

बाई आत गेल्या. प्राचार्यांच्या नावाची चिठ्ठी लिहून आणली. दोनच ओळी होत्या. प्रणिताने ती वाचली नाही, घडी करून पर्समध्ये ठेवली. वाकून नमस्कार केला. बाईंनी पाय मागे घेतले, नेहमी घेत तसेच.

माळाच्या टोकाला एसटीचा धुरळा दिसायला लागला.

“जा. चुकेल,” बाई म्हणाल्या.

ती पायऱ्या उतरली. चार पावलं गेली आणि परत वळली. इतकं सगळं झालं होतं, चिठ्ठी मिळाली होती, आता विचारायचं काही कारण नव्हतं. पण अकरा आणि तीन, चौदा वर्षांची तहान होती ती. चिठ्ठीने कशी भागणार?

“बाई…”

“काय गं?”

“चांगला झाला का हो प्रश्न?”

रणनवरेबाईंनी वही उघडली. ते पान काढलं. उन्हात धरून पुन्हा एकदा सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, ओठ न हलवता. एसटी थांब्यावर येऊन उभी राहिली. कंडक्टरने घंटी वाजवली.

प्रणिता हलली नाही.

बाईंनी वही मिटली.

“मला काय विचारतेस? जिचं उत्तर चुकेल ना, तिला विचार. आणखी दहा वर्षांनी.”